ट्वीटर पुन्हा पुन्हा जातोय? आधी त्याची पाठ बघा

ट्वीटर म्हणजे स्पीकरमधला वरचे, बारीक स्वर वाजवणारा छोटा भाग. आधी लक्षणं सांगतो, म्हणजे ही माहिती तुमच्या कामाची आहे की नाही ते लगेच कळेल.

• तानपुऱ्याचा खर्ज ऐकू येतो, जवारी, म्हणजे तारांचा बारीक झंकार, येत नाही.
• हळू आवाजात सगळं ठीक. डग्गा घुमला किंवा बास वाढवला की गायकाचे ‘स’ आणि ‘श’ थरथरतात, वर बारीक खरखर चढते.
• एका बाजूचा ट्वीटर मुका आहे. बदलला, काही महिने वाजला, परत मुका.
• नवा ट्वीटर बसवल्यापासून आवाज टोचतो. टाळ, झांजा, हार्मोनियमचे वरचे स्वर कानाला लागतात आणि अर्ध्या तासात बंद करावंसं वाटतं.
• स्पीकर उंच, पातळ पॅनेलचे आहेत, मागूनही वाजणारे, आणि गाणारा नेमका कुठे बसलाय ते कळतच नाही.

यातली पहिली चार लक्षणं इंदूरच्या मराठी घरांत मला सारखी भेटतात. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांत जुने लाकडी खोक्यांचे स्पीकर लोकांनी फार मायेनं जपलेत. अमीर खाँसाहेबांचं हे गाव, कुमारजींचं, म्हणजे कुमार गंधर्वांचं, देवास इथून तासाभरावर. ऐकणाऱ्यांचे कान तयार आहेत. दुरुस्ती मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच पद्धतीनं होते. महाराणी रोडवर जायचं, जुना ट्वीटर दाखवायचा, तेवढ्याच व्यासाचा आणि तेवढ्याच ओहमचा नवा आणायचा. तो बसतोही बरोबर, वाजतोही, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत पुन्हा जातो.

व्यास आणि ओहम जुळवून भागत नाही. ट्वीटरची पाठ उघडी आहे की बंद, हे जुळलं पाहिजे. पुन्हा पुन्हा होणाऱ्या बिघाडांचं मूळ मला बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

पाठ उघडी आणि पाठ बंद म्हणजे काय

ट्वीटरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे जेवढा आवाज पुढे जातो तेवढाच, पण उलट्या फेजचा, मागेही जातो. या मागच्या आवाजाचं करायचं काय, याची उत्तरं वेगवेगळी आहेत, आणि त्यावरूनच ट्वीटरच्या जाती पडतात.

आजच्या बहुतेक हाय-फाय स्पीकरांत २५ मिलिमीटरचा डोम, म्हणजे घुमटाच्या आकाराचा पडदा, असतो आणि त्याची पाठ बंद असते. साध्या डोममागे थेट चुंबकाचा लोखंडी खांब येतो, मध्ये हवा जेमतेम चिमूटभर. एवढीशी हवा कडक स्प्रिंगचं काम करते, त्यामुळे पडद्याचा स्वतःचा अनुनाद, म्हणजे ज्या स्वराला तो आपोआप जास्त थरथरतो तो स्वर, वर जातो, साधारण १००० हर्ट्झ किंवा त्याच्याही वर. चांगल्या ट्वीटरांत त्या खांबाला आरपार भोक असतं आणि मागे फेल्ट किंवा लोकर भरलेली छोटी कोठडी असते. हवा वाढली, स्प्रिंग मऊ झाली, अनुनाद ५०० ते ८०० हर्ट्झपर्यंत खाली आला. अशा ट्वीटरला क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे स्वर मोठ्या वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणारं सर्किट, २००० हर्ट्झच्या आसपास ठेवला तरी तो त्रासत नाही.

या कोठडीत फेल्ट नसेल किंवा नावापुरतं असेल, तर मागचा आवाज कडक भिंतीवर आपटून परत येतो आणि पातळ पडद्यातून पुढे झिरपतो. कोठडी १७ मिलिमीटर खोल असली तर दोन भिंतींमधला अनुनाद बरोबर १०,००० हर्ट्झच्या आसपास पडतो. नवा स्वस्त ट्वीटर टोचतो त्याचं हे एक कारण. मोठ्या कंपन्यांनी या एका गोष्टीवर फार डोकं चालवलंय. बॉवर्स अँड विल्किन्सनं १९९३ साली बाजारात आणलेल्या नॉटिलस स्पीकरात पडद्यामागे निमुळती होत जाणारी लांब नळी जोडली, मागचा आवाज त्या नळीतच विरून जावा म्हणून. केईएफनं २०२० च्या एलएस५० मेटामध्ये डोममागे वळणावळणाच्या बारीक वाटांची चकती बसवली, त्याच कामासाठी.

दुसरी जात कागदी कोनच्या, म्हणजे शंकूसारख्या पडद्याच्या, ट्वीटरची. आपल्याकडच्या जुन्या खोक्यांत हेच जास्त. यांची पत्र्याची टोपली दोन प्रकारची येते: एक अख्खी बंद, दुसरी खिडक्या असलेली. समोरून बघाल तर दोन्ही हुबेहूब सारखे. मापाच्या हिशोबानं विकणाऱ्या दुकानात दोन्ही एकाच डब्यात असतात.

खिडक्यांचा ट्वीटर वूफरच्याच खोक्यात नुसता बसवला, तर काय होतं? वूफर आत जातो तेव्हा खोक्यातली हवा दाबली जाते. त्या दाबाला ट्वीटरची मागची बाजू उघडी मिळते. कोन कागदाचा, हलका, मऊ लटकवलेला. तो वूफरच्या तालावर नाचायला लागतो. कोनला जोडलेली तारेची कॉइल चुंबकाच्या फटीतून पुढेमागे सरकते, वरच्या स्वरांची पातळी प्रत्येक डग्ग्याबरोबर हलते, काही दिवसांनी कॉइल घासायला लागते आणि एक दिवस तार तुटते. इथे बरेच लोक म्हणतात, ‘पण ट्वीटरला कंडेन्सर आहे ना, बास त्याच्यापर्यंत जातोच कसा?’ कंडेन्सर तारेतून येणारा बास अडवतो. हा बास हवेतून येतो, त्याला कंडेन्सर काय करणार?

रामबागेतल्या एका काकांकडे नेमकं हेच होतं. ‘अरे, बघ ना, परत गेला. आता हे खोकंच काढून टाकतो,’ म्हणाले. खोकं उत्तम होतं, वूफर उत्तम होता, अ‍ॅम्पही उत्तम. मूळ ट्वीटर बंद टोपलीचा होता. बदललेले सगळे खिडक्यांचे. पाठीला एक डबा बसवला आणि त्यांचा ट्वीटर आजही वाजतोय.

तिसरी जात मुद्दाम पाठ उघडी ठेवलेली, खोलीतच मागे आवाज सोडणारी. १९५७ चा क्वाडचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर याच जातीचा, आणि ऑस्कर हाइल यांच्या घडीदार पडद्याच्या एअर मोशन ट्रान्सफॉर्मरवर १९७० च्या दशकात ईएसएस कंपनीनं काढलेले स्पीकरही. यांची पाठ बंद करणं म्हणजे त्यांचा जीव घेणं. त्यांच्याबद्दल पुढे बोलतो.

आता तपासण्या. सोप्या आणि फुकटच्या आधी.

काहीही न उघडता

अ‍ॅम्प बंद करून डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या तारा अ‍ॅम्पच्या टोकाला अदलाबदल करा. मुकेपणा दुसऱ्या बाजूला गेला, तर ट्वीटर निर्दोष आहे. दोष अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याच्याही मागे. तिथल्या तिथे राहिला, तरच पुढे वाचा. हे दोन मिनिटांचं काम न करता खोकं उघडणारे लोक खूप आहेत.

स्पीकरच्या पाठीला चार टर्मिनल आहेत का बघा. असतील तर वरच्या आणि खालच्या जोडीला जोडणाऱ्या पितळी पट्ट्या असतात. जून-जुलैत आपल्याकडची हवा ओलसर झाली की या पट्ट्या काळवंडतात, घरात साफसफाई करताना ढिल्या होतात, कधी पडूनही जातात. पट्टी ढिली म्हणजे ट्वीटरला वीजच नाही. पट्टी काढा, बारीक पॉलिश पेपरनं चकचकीत करा, नट घट्ट आवळा.

मग कागदाची सुरळी करून एक टोक कानाला आणि दुसरं ट्वीटरजवळ धरा, आवाज अगदी हळू ठेवा. ट्वीटर वाजतोय पण दबका, की पूर्ण गप्प, हे त्यातून स्पष्ट कळतं. दबका आणि गप्प यांच्या वाटा पुढे वेगळ्या होतात. या कामाला मला कुमारजींच्या मैफिलीचं ध्वनिमुद्रण सगळ्यात आवडतं. त्यांचे तानपुरे इतके बारकाईनं लावलेले असतात की एका बाजूची जवारी जरा जरी मंद असली तरी लपत नाही.

पॅनेलच्या स्पीकरांसाठी: जागा

तुमचे स्पीकर मागूनही वाजणारे असतील, तर पेचकस हातात घेण्याआधी फूटपट्टी घ्या. मागचा आवाज भिंतीवर आपटून पुढे येतो. स्पीकर भिंतीपासून १५ सेंटीमीटरवर असेल तर त्या आवाजाला फक्त ३० सेंटीमीटर जास्त चालावं लागतं, म्हणजे तो एका मिलिसेकंदाच्या आत पोचतो आणि मूळ आवाजात मिसळून साधारण ११५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींमध्ये खड्डे पाडतो. गायकाचा आवाज धूसर होतो तो यामुळे. तोच स्पीकर एक मीटर पुढे आणला की मागचा आवाज जवळजवळ सहा मिलिसेकंद उशिरा येतो, आणि कान त्याला खोलीचा भाग म्हणून वेगळा धरतो.

आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये एक मीटर जागा सोडणं जिवावर येतं, मला कळतं. पण मागे काचेचं शोकेस असेल तर निदान ऐकायच्या वेळी तरी स्पीकर पुढे ओढा. पाठीला उशी किंवा गोधडी लावू नका. मागचा आवाज दाबला की पुढचा समतोलही बिघडतो. जागा बदलून सुधारलं, तर इथेच थांबा. तुमच्या स्पीकरात बिघाड नव्हता.

वूफर दाबून बघणं

माझ्या मते ही सगळ्या तपासण्यांतली सगळ्यात मोलाची, आणि हिला एक पैसा लागत नाही.

अ‍ॅम्प बंद करा, स्पीकरची तार काढा, जाळी काढा. खोक्याला पोर्टचं, म्हणजे बासची हवा बाहेर जायचं, भोक असेल तर त्यात कापडाचा बोळा घट्ट बसवा. दुसऱ्या कुणाला तरी टॉर्च घेऊन ट्वीटरच्या बाजूला बसवा. उजेड समोरून नको, कडेनं तिरपा पडू द्या. आता दोन्ही हातांची बोटं वूफरच्या कोनवर, मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना समान ठेवा आणि कोन सावकाश तीन-चार मिलिमीटर आत ढकला. टोपीवर दाब देऊ नका, ती खचते. आणि वाकडं ढकलू नका, वूफरची कॉइल घासेल.

ट्वीटरचा कागदी कोन त्याच वेळी बाहेर येताना दिसला, त्याच्या कडेवरची सावली सरकली, तर निदान झालं. पाठ उघडी आहे, आणि वूफरची हवा थेट तिच्यावर येते. हात सोडला की कोन परत आत जाईल. पहिल्यांदा हे बघणारा माणूस थक्क होतो, कारण तारेनं काहीच जोडलेलं नसताना ट्वीटर हलतोय.

कोन जराही हलला नाही, तर पाठ बंद आहे किंवा मागे आधीच डबा बसवलाय. अर्थात खोकं फार गळकं असेल तरीही हलणार नाही, म्हणून लगेच पुढची तपासणी करा.

अगरबत्तीची तपासणी

तार परत जोडा आणि भरपूर बास असलेलं काहीतरी मध्यम आवाजात लावा. पोर्टमध्ये कापड तसंच राहू द्या. अगरबत्ती ट्वीटरच्या चकतीच्या कडेजवळ फिरवा, कागदी कोनपासून मात्र लांब ठेवा. धूर सरळ वर जात असेल तर सांधा ठीक. प्रत्येक ठोक्याला धूर फुंकल्यासारखा बाजूला होत असेल तर तिथून हवा निसटतेय. ट्वीटर बदलताना जुनं गॅस्केट, म्हणजे कडेची हवाबंद पट्टी, फाटतं आणि नवं कुणी लावत नाही, म्हणून हे होतं. खिडक्यांना लावायची फोमची चिकटपट्टी पुरेशी असते.

ट्वीटर बाहेर काढल्यावर

इथून पुढे पेचकस. चुंबक जोरदार असतं. लोखंडी पेचकस हातातून ओढला जातो आणि डोममध्ये घुसतो. डोमवर जाड पुठ्ठा धरा, दुसऱ्या हातानं पेचकसाच्या दांड्याला आधार द्या. बाहेर काढल्यावर तारा सोडवायच्या आधी कुठली तार कुठल्या टोकाला होती ते लिहून ठेवा किंवा मोबाइलवर फोटो काढा. बऱ्याच क्रॉसओव्हरांमध्ये ट्वीटर मुद्दाम उलटा जोडलेला असतो. तुम्ही तो ‘सरळ’ केलात तर वूफर आणि ट्वीटर जिथे भेटतात तिथेच आवाजात खड्डा पडतो, आणि मग कितीही महाग ट्वीटर लावा, गाणं पोकळच वाटणार.

आता तो पालथा करा. खिडक्या आहेत का? मागे कोठडी आहे का? डोमच्या खांबाला भोक असून ते मागे उघडंच सोडलंय का? तसा डोमही उघड्या पाठीचाच समजा.

मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून ट्वीटरची दोन्ही टोकं मोजा. निदान एक तार सुटलेली असू द्या, नाहीतर क्रॉसओव्हरचे भागही मोजले जातात. ८ ओहमचा ट्वीटर साधारण ५ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.५. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. पण थांबा, तुमचा ट्वीटर पिझोचा तर नाही ना? जत्रेत, गणपतीच्या मंडपात असतात तसे छोट्या भोंग्याचे ट्वीटर बहुधा पिझोचे असतात. त्यांच्यात कॉइलच नसते, ते चांगले असले तरी मीटरवर तुटलेलेच दिसतात. चांगले पिझो लोक या एका मापावरून कचऱ्यात टाकतात, फार वाईट वाटतं.

आकडा बरोबर आला पण ट्वीटर गप्प असेल, तर टर्मिनलपासून कॉइलकडे जाणारी केसाएवढी तार बघा. कधी ती हलवल्यावर आकडा येतो-जातो. ती तार स्वच्छ सोल्डर करता आली तर ट्वीटर वाचला.

कंडेन्सर

ट्वीटरच्या वाटेवर एक कंडेन्सर असतोच. जुन्या खोक्यांत तो नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक असतो आणि वीस-तीस उन्हाळ्यांत आतून वाळतो. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या गावात तर नक्कीच. वाळला की त्याचा अंतर्गत विरोध वाढतो, ट्वीटर दबका होतो. उलट तो शॉर्ट झाला, तर सगळा बास ट्वीटरच्या कॉइलवर जातो आणि ती जळते. ‘बदलला की काही दिवसांत जातो’ या तक्रारीमागे पाठीखालोखाल हाच सापडतो.

बदलताना किंमत तीच ठेवा. एकट्या कंडेन्सरच्या साध्या क्रॉसओव्हरमध्ये ८ ओहमच्या ट्वीटरबरोबर ४.७ मायक्रोफॅरड म्हणजे सुमारे ४२०० हर्ट्झ, ३.३ म्हणजे सुमारे ६०००. ‘ट्रेबल जास्त येईल’ म्हणून कुणी १० मायक्रोफॅरडचा लावून दिला, तर तो आकडा २००० वर येतो, आणि छोटा कागदी ट्वीटर त्या ओझ्याखाली जातोच. १०० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर घ्या. तो वाळत नाही. मात्र दोन्ही स्पीकरांत एकदमच बदला. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला वाळका असेल, तर गायक मधोमध बसत नाही.

फेरोफ्लुइड

हे फक्त डोमवाल्यांसाठी. बऱ्याच डोम ट्वीटरांत कॉइलच्या फटीत चुंबकीय तेल असतं, कॉइल थंड ठेवायला आणि पडदा आवरायला. वर्षानुवर्षं उष्णतेत ते घट्ट होतं. मीटरवर आकडा चोख, कंडेन्सर नवा, तरी आवाज दबका असेल तर संशय इथे.

काही ट्वीटरांची पुढची चकती पडद्यासकट स्क्रूनं निघते. तशी निघत असेल तरच हात घाला. फटीत टिपकागदाची अरुंद पट्टी सरकवून बाहेर काढा: चांगलं तेल कागदावर लगेच पसरतं, बिघडलेलं तपकिरी-काळ्या डिंकासारखं कडेला चिकटून येतं आणि पसरतच नाही. पट्टी स्वच्छ येईपर्यंत पुसा, आणि त्या मॉडेलला सांगितलेलं तेवढंच नवं फेरोफ्लुइड घाला. शिलाई मशीनचं तेल अजिबात नको. ते चुंबकाला धरत नाही, पडद्यावर चढतं.

उघड्या पाठीला डबा

वूफर दाबल्यावर ट्वीटर हलला असेल, तर दोन वाटा: बंद टोपलीचा ट्वीटर आणा, किंवा आहे त्याला मागून स्वतःचा डबा द्या. ट्वीटर चांगला असेल तर मी दुसरी वाट धरतो.

११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा दहा सेंटीमीटर लांब तुकडा आणि त्याचं झाकण, एवढ्यात पाऊण लिटरच्या आसपास जागा मिळते. अडीच-तीन इंची कोनला ती छान पुरते. शिसपेन्सिलीच्या डब्याएवढं काही लावू नका. जागा फार कमी झाली की हवेची स्प्रिंग कडक होते, अनुनाद वर चढतो आणि बरोबर गाण्याच्या मधोमध एक टोचणारा फुगवटा येतो. आत उशीतला पॉलिएस्टर विरळ भरा, कोनला लागणार नाही असा. कापूस नको, पावसाळ्यात दमट होऊन त्याचे गोळे होतात.

डबा खोक्याच्या आतून, पुढच्या फळीला सिलिकॉननं चिकटवा. तारेचं भोकही सिलिकॉननं बंद करा, तिथूनच हवा परत शिरते. आंबट वासाचं सिलिकॉन असेल तर ते पूर्ण सुकेपर्यंत, निदान एक दिवस, ट्वीटर लावू नका. ती वाफ बारीक तारांना खाते. वूफरचं चुंबक डब्याला लागत नाही ना, हे चिकटवायच्या आधी बघा. तीस लिटरच्या खोक्यातून एक लिटर कमी झाल्यानं बासमध्ये ऐकू येण्याजोगा फरक पडत नाही.

सुकल्यावर वूफर दाबायची तपासणी पुन्हा करा. ट्वीटर आता ढिम्म राहिला पाहिजे.

नवाच ट्वीटर घेणार असाल तर पाठीबरोबर संवेदनशीलतेचा, म्हणजे तेवढ्याच विजेवर तो किती मोठा वाजतो त्याचा, आकडाही जुळवा. वूफर ८८ डेसिबलचा आणि ट्वीटर ९२ चा असेल, तर तो टोचणारच. त्याच्या वाटेत दोन रेझिस्टरची जोडी घालून चार डेसिबल उतरवता येतात, दुकानदार ती बनवून देतो.

अ‍ॅम्पकडेही बघा

पाठ बंद, कंडेन्सर नवा, तरी ट्वीटर जळतो? मग अ‍ॅम्प किती ताणताय ते बघा. लहान अ‍ॅम्प शेवटपर्यंत वाढवला की लहरींचे माथे कापले जातात, आणि कापलेल्या लहरीत वरच्या स्वरांची शक्ती कितीतरी वाढते. ती सगळी ट्वीटरला जाते. खोक्यावर १०० वॅट लिहिलेलं असलं तरी ट्वीटरची कॉइल सलग काही वॅटच झेलू शकते. कॉलनीच्या गणपतीत घरचा स्पीकर बाहेर काढून फुल आवाजात लावला आणि ट्वीटर गेला, याचं कारण मोठा अ‍ॅम्प नव्हे, लहान अ‍ॅम्प. बाहेर वाजवायला भाड्याचे स्पीकर आणा.

इथे थांबा आणि जाणत्याला बोलवा

अ‍ॅम्प चालू करताच वूफर बाहेर येऊन किंवा आत जाऊन तिथेच अडकत असेल, तर ताबडतोब बंद करा. अ‍ॅम्प डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज, सोडतोय. अ‍ॅम्पचं झाकण घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतले मोठे कंडेन्सर भरलेले राहतात.

इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेल असेल तर जागा बदलण्यापलीकडे काहीही करू नका. आत हजारो व्होल्ट असतात.

डोम बेरिलियमचा असेल आणि तुटला किंवा चिरला असेल, तर बोट लावू नका, झाडू नका, फुंकू नका. ती धूळ फुप्फुसांना घातक आहे. कंपनीच्या सेवा केंद्राला कळवा.

रिबन ट्वीटर असेल, किंवा पडदा काढून पुन्हा मध्यावर बसवावा लागणार असेल आणि हात सवयीचा नसेल, तर थांबा. अर्ध्या मिलिमीटरनं तिरका बसला तरी कॉइल घासते.

स्पीकर महागाचा, जोडीनं जुळवलेला असेल तर बाजारातला ट्वीटर लावूच नका. त्याचा क्रॉसओव्हर त्या एका ट्वीटरसाठीच बनवलेला असतो. मूळ सुटा भाग मागवा, उशीर झाला तरी चालेल.

आणि डबा लावला, कंडेन्सर बदलला, आवाज आवरला, तरीही ट्वीटर गेला, तर चौथा ट्वीटर विकत घेऊ नका. क्रॉसओव्हर बोर्ड मोजणाऱ्या माणसाकडे जा. जाताना दोन्ही स्पीकर न्या, फक्त बिघडलेला नको. चांगल्या बाजूची मापं समोर असल्याशिवाय त्याला बिघडलेल्या बाजूचं मूळ रूप कळणार नाही. जुना ट्वीटर, काढलेला कंडेन्सर आणि तारांचा फोटो बरोबर ठेवा.